अंतर राखणारी काच

“पक्षीही टिपायचेत आणि विमानंही. दोन्हींना चालेल अशी एकच लेन्स आणि तिच्याजोगा कॅमेरा सांगा.” हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. विचारणारा जरा संकोचलेला असतो, कारण आपले दोन छंद एकमेकांशी जुळत नाहीत असं त्याला वाटतं. एक भिगवणच्या पाणवठ्यावरचा, पहाटेच्या धुक्यातला. दुसरा धावपट्टीच्या टोकाकडचा, इंजिनांच्या गर्जनेतला.

मला मात्र हा प्रश्न अगदी योग्य वाटतो. टेली लेन्सचा मागोवा घेत गेलं, की पक्षी आणि विमान जागोजागी एकत्र भेटतात. पक्ष्याने कॅमेऱ्याला वेग शिकवला, त्या कॅमेऱ्याने माणसाला उडण्याचा अभ्यास करून दिला, उडणाऱ्या माणसाला लांब नजरेची भिंगं लागली, आणि तीच विद्या पुढे पक्ष्यांकडे परतली. म्हणून दुकानात जाण्याआधी ही वंशावळ पाहावी. कोणत्या नळीसाठी किती पैसे मोजायचे, याचं उत्तर तिच्यातच आहे.

करकोचा आणि ग्लायडर

१८८२ साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एक विलक्षण बंदूक तयार केली. तिला दस्ता होता, चाप होता, लांब नळीही होती. पण नळीत भिंग होतं आणि मागच्या गोल डब्यात फिरणारी काचेची तबकडी. चाप ओढला की एका सेकंदात १२ प्रतिमा उमटत, आणि प्रत्येकीला प्रकाश मिळे तो सेकंदाच्या ७२० व्या भागापुरता. मारेने ती नेपल्सच्या किनाऱ्यावर उडत्या पक्ष्यांवर रोखली. पंख खाली येताना कसा वाकतो आणि वर जाताना कसा दुमडतो, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. आज बटण दाबून धरल्यावर कॅमेरा जो ‘बर्स्ट’ मारतो, त्याचा मूळपुरुष ही बंदूक आहे. इंग्रजीत फोटो काढण्याला ‘शूट करणं’ म्हणतात. आपणही ते बिनदिक्कत उचललं. या बंदुकीपाशी तो शब्द अगदी शब्दशः खरा ठरतो.

दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, प्रशियाच्या लिसा गावच्या ओटोमार आन्शुट्झने पांढऱ्या करकोच्यांची छायाचित्रं घेतली. लिसा म्हणजे आजच्या पोलंडमधलं लेश्नो. घरट्यावर उतरणारे, पंख पसरून झेपावणारे करकोचे इतके स्पष्ट याआधी कुणी पाहिलेच नव्हते. आन्शुट्झचं गुपित शटरमध्ये होतं. भिंगापाशी झाकण उघडण्याऐवजी त्याने प्रतिमा उमटणाऱ्या काचेच्या अगदी पुढ्यात फट असलेला पडदा सरकवला. ती फट जितकी अरुंद, तितका प्रकाशाचा क्षण लहान. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत तो पोहोचला आणि १८८८ मध्ये त्याने या पडद्याचं पेटंट घेतलं. पुढची शंभराहून अधिक वर्षं चांगल्या कॅमेऱ्यांच्या पोटात याच पडद्याचे वंशज सरकत राहिले.

ही छायाचित्रं पाहून प्रेरित झालेल्यांत ओटो लिलिएन्थाल हा जर्मन अभियंता होता. करकोच्याच्या उड्डाणाचा त्याने वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिला. १८९१ मध्ये त्याने बांबूसारख्या हलक्या काटक्यांच्या आणि कापडाच्या पंखांवर स्वतःला तोलून पहिल्या यशस्वी झेपा घेतल्या. त्याच्या पुढच्या झेपांची छायाचित्रं आन्शुट्झनेच घेतली. ज्याने करकोचा टिपला, त्यानेच करकोच्याचा मानवी शिष्यही टिपला. पक्षी आणि विमान दोन्ही टिपणारा पहिला छायाचित्रकार म्हणून मी आन्शुट्झकडे पाहतो.

१८९६ मध्ये लिलिएन्थाल ग्लायडरवरून कोसळून गेला. ती बातमी अमेरिकेत राइट बंधूंनी वाचली आणि त्यांचं उड्डाणाचं कुतूहल पुन्हा जागं झालं. १७ डिसेंबर १९०३ ला ऑर्व्हिल राइटने तिकाटण्यावर कॅमेरा लावून ठेवला आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षक दलातल्या जॉन डॅनियल्सला सांगितलं, की विमान पट्टीवरून सुटलं की रबरी फुगा दाब. डॅनियल्सने तो दाबला. १२ सेकंदांच्या त्या उड्डाणाचं एकमेव छायाचित्र असं मिळालं. त्याला लांब भिंग लागलं नाही, कारण विमान ३७ मीटरच गेलं होतं. त्यानंतर विमानं दूर जाऊ लागली.

१८९१: एकच कल्पना, तीन डोकी

लिलिएन्थालने पहिली झेप घेतली त्याच १८९१ साली लंडनमध्ये थॉमस रुडॉल्फस डॉलमेयर आणि जर्मनीत आडोल्फ मीथे व श्टाइनहाइल एकाच कल्पनेवर पोहोचले. तिघेही आपापल्या वाटेने आले. ती कल्पना म्हणजे टेली लेन्स.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘लांबचं दाखवते ती टेली’ हे अर्धसत्य आहे. दूरचं मोठं दाखवायला भिंगाची फोकल लेंथ मोठी हवी, एवढंच पुरतं. पण साधं बहिर्गोल भिंग ६०० मिलिमीटरचं असेल, तर दूरच्या वस्तूसाठी भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतरही तेवढंच लागतं. दोन फुटांचं खोकं घेऊन रानात कोण फिरणार? टेलीची युक्ती अशी, की पुढे किरण एकवटणारा बहिर्गोल गट आणि मागे त्यांना किंचित फाकवणारा अंतर्गोल गट ठेवायचा. मागच्या गटातून बाहेर पडणारे किरण इतक्या हळूवार कोनात मिळतात, की ते फार लांबून येत आहेत असं फिल्मला ‘वाटतं’. फोकल लेंथ मोठी राहते आणि नळी आखूड होते. टेली या शब्दाचा भिंगकारागिरांपाशी असलेला अर्थ एवढाच. निकॉनची २०१८ ची ५०० मिलिमीटरची एक लेन्स प्रत्यक्षात २३७ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे स्वतःच्या फोकल लेंथच्या निम्म्याहूनही कमी.

या युक्तीचं बीज केप्लरच्या १६११ च्या ग्रंथात आहे. पीटर बार्लोने १८३४ च्या सुमारास दुर्बिणीसाठी ती पुन्हा शोधली. छायाचित्रणात यायला मात्र तिला प्रतिमा उमटवणारी कोरडी, जलद काच उपलब्ध होण्याची वाट पाहावी लागली. टेलीची किंमत प्रकाशात मोजावी लागते, हे त्याचं कारण. प्रतिमा तिप्पट मोठी केली की तोच प्रकाश नऊपट जागेत पसरतो. डॉलमेयरचं जोडभिंग लावलं की दूरचा कळस जवळ येई, पण प्रकाश द्यावा लागे कित्येक सेकंद. कळस तेवढा वेळ थांबतो, पक्षी थांबत नाही. १९०५ मध्ये एमिल बुश कंपनीची ‘बिस-टेलार’ आली आणि टेली ही जोडणी न राहता स्वतंत्र, सुटसुटीत लेन्स झाली. तरीही पंख पकडण्याइतकी ती उजळ नव्हती.

जवळीक कमवावी लागे

त्यामुळे पहिल्या पिढीच्या वन्यजीव छायाचित्रकारांनी अंतर काचेने नव्हे, अंगमेहनतीने आणि युक्तीने तोडलं. यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे भाऊ या वाटेवरचे पहिले वाटसरू. १८९५ मध्ये त्यांचं पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक निघालं, आणि त्यातली सगळी छायाचित्रं प्रत्यक्ष निसर्गात घेतलेली होती. माणूस दिसला की पक्षी उडतो, पण बैल चरत आला तर उडत नाही, हे त्यांनी हेरलं. मग त्यांनी बैलाचं कातडं लाकडी सांगाड्यावर चढवलं आणि त्या पोकळ बैलाच्या पोटात कॅमेऱ्यासह एक भाऊ तासन्‌तास उभा राहू लागला. आपण आज कापडी लपणात बसतो, तेव्हा त्याच बैलाच्या पोटात बसलेले असतो.

जर्मन कार्ल गेऑर्ग शिलिंग्सने पूर्व आफ्रिकेत रात्री मॅग्नेशियमचा उजेड पाडून सिंह आणि झेब्रे टिपले. त्याच्या १९०५ च्या पुस्तकाच्या नावात उजेड आणि बंदूक शेजारीशेजारी बसले आहेत. अमेरिकेत जॉर्ज शायरस याने दोरीचा फास लावला, म्हणजे हरणाचा पाय लागला की कॅमेरा आपोआप चाले. जुलै १९०६ च्या नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने त्याची ७४ छायाचित्रं छापली.

आपल्याकडे हीच युक्ती वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वापरली. तेव्हाच्या संयुक्त प्रांतातल्या शिवालिकच्या पायथ्याशी, वाघाच्या नेहमीच्या वाटेवर ते बारीक तार ताणून ठेवत. रात्री वाघ चालत येई, तार ओढली जाई, झगमगाट होई, आणि वाघ स्वतःचंच छायाचित्र काढून निघून जाई. १९२७ मध्ये त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ प्रसिद्ध झालं. शिकारीचा डौल मिरवला जाण्याच्या त्या काळात वाघ मारण्याऐवजी टिपावा, असं एका वनाधिकाऱ्याने कृतीने सांगितलं. जिम कॉर्बेटना बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळवण्यात चॅम्पियन यांचा वाटा होता. कॅमेरा ट्रॅपने व्याघ्रगणना करणाऱ्या आजच्या प्रत्येक वनरक्षकाच्या हातात चॅम्पियन यांची तार आहे.

या सगळ्यांनी जवळीक मिळवली, पण प्राण्याच्या वाटेत, घरट्यात, रात्रीच्या अंधारात शिरून. लांबून, दिवसाउजेडी, प्राण्याला पत्ता न लागू देता छायाचित्र घेणं अजून दूर होतं. ती वाट ज्या गरजेने मोकळी केली, तिचा पक्ष्यांशी काहीच संबंध नव्हता.

युद्धाने लांबवलेली नळी

१९१४ मध्ये विमानं टेहळणीसाठी वर गेली. सुरुवातीला वैमानिक साधे कॅमेरे हातात धरून खंदकांची छायाचित्रं घेत. खालून तोफा नेमक्या होऊ लागल्या तशी विमानं आणखी उंच गेली, आणि उंची वाढली की भिंग लांब करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या एफ. ५२ कॅमेऱ्यावर ३६ इंची लेन्स बसत असे. तिचं गणित सोपं आहे. ३६ इंच म्हणजे तीन फूट. ३०,००० फुटांवरून टिपलं की प्रमाण येतं १ : १०,०००. जमिनीवरचं १०० मीटरचं कोठार फिल्मवर एक सेंटिमीटर दिसे. अशा छायाचित्रांवर भिंगं रोखून बसणाऱ्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या अधिकारी महिलेने १९४३ मध्ये पेनेम्युंड इथे व्ही-१ हे उडतं अस्त्र हुडकलं. विमानावरून लांब पाहण्याची निकड नसती, तर लांब भिंगांवर एवढा पैसा आणि बुद्धी इतक्या लवकर खर्च झाली नसती.

दोन महायुद्धांमधल्या शांततेच्या काळात हीच ओढ मैदानावर उतरली होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी झाइसने १८० मिलिमीटरची एफ/२.८ ‘ऑलिंपिया सोनार’ तयार केली. लांब आणि उजळ अशी ही जोडी तोवर दुर्मीळ होती. त्याच वर्षी बाजारात आलेल्या ‘किने एक्झाक्टा’ने आणखी मोठी अडचण दूर केली. छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यातही बाजूच्या खिडकीतून अंदाजाने रोखण्याऐवजी प्रत्यक्ष लेन्समधून, आरशातून पाहता येऊ लागलं. लांब लेन्सचं दृश्यक्षेत्र सुईच्या नेढ्याएवढं असतं. ६०० मिलिमीटरची लेन्स जेमतेम चार अंशांचं आकाश दाखवते. तिथे अंदाज चालत नाही, जे दिसतं तेच टिपलं गेलं पाहिजे. १९५९ च्या निकॉन एफ ने हा आरसा जगभरच्या व्यावसायिकांच्या हाती दिला.

मारेची बंदूकही परत आली. सोव्हिएत सैन्यासाठी युद्धकाळात बनवलेल्या ‘फोटोस्नायपर’ची नागरी आवृत्ती १९६० च्या दशकात निघाली. तिला खांद्याला टेकवायचा दस्ता होता, ३०० मिलिमीटरची ‘ताइर’ लेन्स होती आणि बोटाखाली चाप. जर्मनीच्या नोव्होफ्लेक्सने तर पिस्तुलासारखी मूठ दाबली की फोकस सरकेल अशा ४०० आणि ६४० मिलिमीटरच्या लेन्स बनवल्या. उडत्या पक्ष्याचा आणि उतरत्या विमानाचा माग डोळा-हात-मूठ अशा एका तालात घेणाऱ्या पिढीचं ते हत्यार होतं. त्या मुठीची सवय लागलेले लोक आजही म्हणतात, की फोकस हा कानासारखा असतो, रियाज केला की तयार होतो.

भारतात त्या काळी साधनं मिळवणं कठीण होतं. मद्रासचे एम. कृष्णन यांनी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे भाग जुळवून स्वतःचं यंत्र उभं केलं आणि त्याला ‘सुपर पाँडेरोसा’ असं लाडकं नाव दिलं. त्यावर त्यांनी दक्षिणेतले हत्ती आणि गवे कृष्णधवल टिपले. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकावी. प्राण्याचा चेहरा चौकटभर भरला की छायाचित्र झालं, असं त्यांनी कधी मानलं नाही. त्यांच्या चौकटीत हत्तीच्या मागे त्याचं रान असतं.

रंगाची किनार, हाताचा कंप

नळी लांबली तसे तिचे दोष मोठे झाले. काच प्रत्येक रंगाला थोडं वेगळं वाकवते. आखूड लेन्समध्ये ते जाणवत नाही, पण ६०० मिलिमीटरवर बगळ्याच्या पांढऱ्या मानेला जांभळी-हिरवी किनार चढते. विमानाच्या शेपटीचीही तीच गत होते. यावर उपाय होता फ्लोराइट या स्फटिकाचा. सूक्ष्मदर्शकात तो १८८० च्या दशकातच आला होता, पण मोठ्या भिंगासाठी एवढे निर्दोष नैसर्गिक तुकडे कुठून मिळणार? कॅननने तो कृत्रिमरीत्या वाढवला आणि १९६९ मध्ये ३०० मिलिमीटरच्या एका लेन्समध्ये बसवला. फ्लोराइट उष्णतेला हळवा असतो. कॅननच्या मोठ्या लेन्सचा पांढरा रंग उन्हात नळी कमी तापावी म्हणून आला. पुढे तो प्रतिष्ठेची खूण झाला हा भाग निराळा.

फोकसचं काम १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने बोटांकडून यंत्राकडे नेलं आणि १९८७ मध्ये कॅननने मोटर लेन्सच्या आतच ठेवली. १९९५ मध्ये हाताचा कंप शोषणारी पहिली अदलाबदलीची लेन्स निघाली आणि १९९९ मध्ये ती सोय ३०० ते ६०० मिलिमीटरच्या मोठ्या लेन्समध्ये आली. वजनही उतरत गेलं. कॅननची ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्स १९८८ मध्ये ६ किलोची होती. ती १९९९ मध्ये ५.३६, २०१२ मध्ये ३.९२ आणि २०१८ मध्ये ३.०५ किलो झाली. तीस वर्षांत निम्मं वजन गेलं. तिकाटणं सोडून माणूस उभा राहिला, वळला, आकाशाचा पाठलाग करू लागला, तो या हलकेपणामुळे.

हलकेपणाची दुसरी वाट दीपगृहातून आली. ऑगस्तँ फ्रेनेलने १८२० च्या दशकात दीपगृहासाठी पायऱ्यापायऱ्यांचं पातळ भिंग बनवलं. जाड काचेचं काम पातळ काच करू शकते, हा त्याचा धडा. आजच्या ‘फेज फ्रेनेल’ लेन्सचं तत्त्व त्याहून वेगळं आहे. तिथे अतिसूक्ष्म वलयं प्रकाशाच्या विवर्तनाचा उपयोग करून रंगदोष मारतात. पण घराण्याचं नाव तेच राहिलं. वर सांगितलेली ५०० मिलिमीटरची निकॉन लेन्स याच घराण्यातली, १,४६० ग्रॅमची.

ओळखणारा डोळा

गेल्या काही वर्षांत मोठा बदल भिंगात नव्हे, त्यामागच्या कॅमेऱ्यात झाला. कॅमेरा वस्तू ओळखू लागला. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या ऑलिम्पसच्या ई-एम१एक्स मध्ये विमानं, आगगाड्या आणि शर्यतीची वाहनं ओळखण्याची सोय होती. पक्षी त्यात नव्हते. ते डिसेंबर २०२० मध्ये, नव्या सॉफ्टवेअरबरोबर आले. कॅननने त्याच २०२० मध्ये पक्ष्याचा डोळा पकडणारे कॅमेरे बाजारात आणले. करकोच्यापासून सुरू झालेल्या घराण्यात यंत्राने ऑलिम्पसच्या वाटेने आधी विमान ओळखलं आणि मग पक्षी. विमानाचा आकार ठरलेला असतो, पक्षी मात्र प्रत्येक क्षणी आपला आकार मोडून नवा घडवतो. यंत्राला विमान आधी का उमगलं असावं, याचं मला पटणारं कारण हे आहे.

२०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये यांत्रिक शटरच नव्हतं. आन्शुट्झचा सरकता पडदा, ज्याने करकोच्याचे पंख थोपवले होते, तो तिथे संपला. आता संवेदकच ओळीओळीने वाचला जातो. ही ओळवारी संथ असेल तर फिरतं पंख्याचं पातं केळ्यासारखं वाकडं दिसतं आणि वेगाने पंख मारणाऱ्या पक्ष्याचा पंखही पिळवटतो. म्हणून कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलच्या आकड्याआधी हे विचारावं: संवेदक जलद वाचणारा आहे का? नसेल तर यांत्रिक शटर आहे का?

मग घ्यायचं काय?

आता थोडं गणित. प्रतिमेचा आकार काढायला फोकल लेंथला वस्तूच्या लांबीने गुणायचं आणि अंतराने भागायचं. छोटा खंड्या सुमारे १६ सेंटिमीटरचा. तो १५ मीटरवर बसला असेल, तर ६०० मिलिमीटरची लेन्स संवेदकावर त्याची ६.४ मिलिमीटरची प्रतिमा उमटवते. फुल फ्रेमच्या ३६ मिलिमीटर रुंदीत हा जेमतेम सहावा भाग. ३०० मिलिमीटरने तो ३.२ मिलिमीटर, म्हणजे ठिपका. आता ३७.५ मीटर लांबीचं एअरबस ए३२० घ्या. ते ५०० मीटरवर असेल तर ३०० मिलिमीटरच्या लेन्सने २२.५ मिलिमीटरची प्रतिमा येते आणि चौकट छान भरते. ६०० ला ते चौकटीबाहेर सांडतं.

म्हणजे पक्ष्याला पोच हवी, आणि क्षणाक्षणाला जवळ येणाऱ्या विमानाला झूम. दोन्ही हवं असेल, तर १५०-६००, १८०-६०० किंवा २००-६०० यांसारखी झूम लेन्स हे आजचं प्रामाणिक उत्तर आहे. दोन किलोच्या आसपास वजन हातात पेलतं. वजन नको असेल आणि विमानांकडे ओढा जास्त असेल, तर १००-४०० पुरते. मागे एपीएस-सी संवेदकाची बॉडी असावी. तिच्या लहान संवेदकावर खंड्या तितकाच उमटतो, पण त्याच्याभोवतीचं रिकामं आकाश कमी येतं. नवशिक्याला हा मोठा आधार आहे.

एफ/४ ची प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंथची, लेन्स सुंदरच असते. पण ६०० मिलिमीटरला एफ/४ म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाचं पुढचं भिंग, आणि एफ/६.३ म्हणजे ९५. प्रकाश अडीचपट मिळतो, त्याची किंमत आणि वजन मात्र कैकपट असतं. ताडोबाच्या बांबूत, संधिप्रकाशात वाघ टिपणाऱ्याला तो प्रकाश मोलाचा. दिवसाच्या आकाशातल्या विमानासाठी आणि उजनीच्या जलाशयावरच्या बदकांसाठी तो सोडून देता येतो. मारे आणि डॉलमेयर ज्या प्रकाशासाठी झगडले, त्याची उणीव आजचे संवेदक बऱ्याच अंशी भरून काढतात.

शटरबाबत मात्र दोन्ही छंद उलटे आहेत. झेपावणाऱ्या खंड्याला सेकंदाचा २,००० वा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ द्यावा. जेटला १,००० वा भाग चालतो. पण पंख्याच्या विमानाला हजाराव्या भागात टिपलं, की पंखा थांबलेला दिसतो आणि विमान दोरीने टांगल्यासारखं भासतं. तिथे १२५ वा ते २५० वा भाग लावून, विमानाबरोबर कमरेतून वळत जाऊन टिपावं. सुरुवातीला दहांतली नऊ छायाचित्रं हलतात. दहावं टिकतं, आणि त्यात पंख्याचं चक्र दिसतं.

आणखी एक मर्यादा कोणतीही काच ओलांडत नाही. दुपारी धावपट्टीवरून आणि तापलेल्या माळावरून उठणारी गरम हवा दूरचं सगळं वितळवून टाकते. तेव्हा महागडी लेन्सही पाण्यातून पाहिल्यासारखं दाखवते. तिथे पैसे कामाला येत नाहीत, पहाटे उठावं लागतं.

अंतर कशासाठी

ही सगळी वंशावळ मला एकाच गोष्टीकडे नेते. टेली लेन्स दूरचं जवळ आणते असं आपण म्हणतो. पण तिची खरी देणगी अशी, की ती आपल्याला दूरच राहू देते. कीअर्टन बंधूंना बैलाचं कातडं पांघरावं लागलं, शिलिंग्सला रात्र फोडावी लागली, चॅम्पियन यांना वाघाच्या वाटेत तार लावावी लागली. आपल्याला यातलं काही करावं लागत नाही. तरीही लांब लेन्स खांद्यावर असताना विणीच्या हंगामात घरट्याभोवती गर्दी होते, स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यापुढच्या डहाळ्या ‘चौकट मोकळी व्हावी’ म्हणून छाटल्या जातात, शिकारी पक्ष्याला आमिष टाकलं जातं. ज्या काचेने अंतर राखायचं, ती हाती असूनही जे जवळ जातात, ते शतकभराची मिळकत उधळतात. विमानांच्या बाबतीतही अंतर हाच नियम आहे. विमानतळांच्या आवारात आणि हवाई दलाच्या तळांवर परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नसतो. पुण्याचं लोहगाव तर हवाई दलाचाच तळ आहे. लांब लेन्स असलेल्याला कुंपणाला चिकटून उभं राहावं लागत नाही.

मे २०२४ मध्ये घाटकोपरवरून मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाची रोहित पक्ष्यांच्या थव्याला धडक बसली आणि सुमारे ४० पक्षी मेले. विमान सुखरूप उतरलं. ठाण्याच्या खाडीचं आकाश पक्षी आणि विमान दोघांनाही पुरवावं लागणार आहे, हे त्या रात्री कळलं. अशा वेळी थवे कुठून कुठे, किती उंचीवरून, कोणत्या वेळी जातात याच्या वेळ-जागेसह ठेवलेल्या छायाचित्रांना नोंदवहीचं मोल येतं. मारेनेही पक्ष्यांवर बंदूक रोखली होती ती नोंदीसाठीच. दोन्ही छंद एकाच माणसाला असतील, तर या आकाशाची नोंद ठेवायला तो इतरांपेक्षा लायक आहे.

म्हणून मला प्रश्न विचारणाऱ्याला मी आता एकच उलटा प्रश्न करतो: तुम्ही किती अंतरावर थांबायला तयार आहात? खंड्यापासून १५ मीटर, वाघापासून त्याहून जास्त, आणि विणीच्या काळात घरट्यापासून पुष्कळ. ते अंतर आधी ठरवा, मग वरचं गणित लेन्स आपोआप सांगेल. लेन्स आधी घेतली तर तिची उणीव भरून काढायला पाय पुढे सरकू लागतात.

हिवाळ्यात कधी उजनीच्या काठच्या ओल्या रानात पांढरा करकोचा उतरलेला दिसला, तर थांबा. याच जातीच्या पक्ष्याने आन्शुट्झचा पडदा सरकवला होता आणि लिलिएन्थालला डोंगरावरून झोकून दिलं होतं. नावेत असाल तर नावाड्याला वल्ही उचलायला सांगा. करकोचा मान न उचलता बेडूक शोधत राहिला, तर तुमची लेन्स पुरेशी लांब आहे.